सहाव्या वर्षाची दाढ : कीड रोखणारा सौम्य उपचार

दाढ दुखू लागली की आपण सहज म्हणून जातो, 'दाढेला कीड लागली.' बेळगावच्या शहापूर पेठेत, निपाणीत किंवा खानापूरच्या एखाद्या खेड्यात मराठी बोलणारा मनुष्य असे म्हणतो आणि त्याचा कानडी बोलणारा शेजारीही काही निराळे म्हणत नाही. कानडीत किड्याला 'हुळु' म्हणतात व किडलेल्या दाताला 'हुळुकु हल्लु'. दोन्ही भाषांनी दातात एक किडा बसवून ठेवलेला आहे. वास्तविक असा किडा कोणाच्याही दातात नसतो. परंतु या एका शब्दामुळे उपचाराविषयी काही चुकीच्या समजुती रूढ झाल्या आहेत. कीड लागली म्हणजे ती कोरून काढलीच पाहिजे आणि कोरण्याइतकी वाढेपर्यंत काही करण्यासारखे नाही, ही त्यांपैकी मुख्य समजूत होय. तिच्यापायी कित्येक मुलांना वयाच्या दहाव्या-बाराव्या वर्षीच कायमची दाढ गमवावी लागते. दंतक्षयाच्या आरंभीच दात न कोरता, इंजेक्शन न देता, केवळ दाढेच्या खाचा बंद करून तो रोखता येतो, ही माहिती पालक, शिक्षक व ग्रामपंचायतीचे कार्यकर्ते यांच्यापर्यंत पोहोचावी, हा या लेखाचा हेतू आहे.

किडा नव्हे, आम्ल

दाढ ठणकू लागली की भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन 'किडे पाडण्याचा' प्रकार ग्रामीण भागात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. धुरी झाल्यावर पाण्याच्या भांड्यात बारीक पांढरे कण दाखविले जात आणि रोग्याची खात्री पटे. ते कण दातातून आलेले नसतात. अर्थात हा समज आपल्याकडेच होता असे नव्हे. युरोपातही तो शतकानुशतके टिकून होता. पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात, सूक्ष्मदर्शकातून पाहूनही दातात किडे आढळले नाहीत, असे नमूद केले. पुढे १८९० साली विलोबी मिलर या शास्त्रज्ञाने खरे कारण मांडले. तोंडात राहणारे सूक्ष्म जंतू अन्नातील साखर व पिष्टमय पदार्थ यांपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात विरघळविते, असे त्याचे प्रतिपादन होते. आजचे दंतविज्ञान मुख्यतः याच पायावर उभे आहे.

दाताचे बाहेरचे कवच म्हणजे दंतवल्क. मानवी शरीरातील हा सर्वांत कठीण पदार्थ होय. परंतु तोंडातील आम्लता एका मर्यादेपलीकडे गेली, शास्त्राच्या भाषेत पीएच सुमारे ५.५ च्या खाली उतरला, की हे कठीण कवचही आपली खनिजे गमावू लागते. खाणे थांबल्यावर काही वेळाने लाळ त्या आम्लाचा प्रभाव नाहीसा करते आणि आपल्याजवळची खनिजे दाताला परत देते. म्हणजे दाताच्या पृष्ठभागावर झीज व भरपाई यांचा व्यवहार अहोरात्र चाललेला असतो. दिवसातून दोन-तीन वेळा जेवणाऱ्याच्या दाताला भरपाईसाठी सवड मिळते. परंतु दर तासाला काही तरी गोड तोंडात टाकणाऱ्याच्या दाताला ती मिळत नाही आणि झिजेची बाजू वरचढ होते.

आपला भाग गोडाधोडाचा आहे. बेळगावचा कुंदा व गोकाकचे करदंट सर्वदूर प्रसिद्ध आहेत आणि घटप्रभा-कृष्णेकाठी ऊस मुबलक पिकतो. गूळ साखरेपेक्षा पौष्टिक, म्हणून तो दातांना निर्धोक, अशीही एक समजूत आढळते. दातांवरील जंतूंना मात्र साखर काय आणि गूळ काय, दोन्ही सारखेच. जो पदार्थ चिकट, जो दाढेच्या खाचेत दीर्घकाळ राहतो आणि जो वारंवार खाल्ला जातो, तो अधिक घातक. यास्तव सणावाराला जेवणाबरोबर खाल्लेल्या कुंद्यापेक्षा शाळेच्या फाटकाशी दिवसभर चघळल्या जाणाऱ्या गोळ्या आणि वारंवार घेतलेला बिस्किट बुडवून चहा यांपासून दातांना अधिक धोका असतो.

सहावे वर्ष, सहावा दात

दंतक्षयाचे प्रमाण किती आहे, याची कल्पना भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीवरून येते. त्या पाहणीत १२ वर्षे वयाच्या मुलांपैकी ५३.८ टक्के व १५ वर्षे वयाच्या मुलांपैकी ६३.१ टक्के मुलांमध्ये दंतक्षय आढळला. म्हणजे शाळेच्या एका बाकावर दोन मुले बसली असतील, तर त्यांपैकी एकाचा तरी दात किडलेला, असा हा हिशेब होता.

या रोगाला सर्वांत आधी बळी पडणारा कायमचा दात म्हणजे पहिली दाढ. मुलाच्या वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास ती येते आणि येथेच घोटाळा होतो. इतर बहुतेक कायमचे दात दुधाचा दात पडल्यावर त्याच्या जागी येतात. ही दाढ मात्र कोणताही दात न पाडता, दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे गुपचूप उगवते. त्यामुळे पालक तिला दुधाचीच समजतात आणि 'पडायचाच दात आहे' म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करतात. ती पडायची नसते. ती आयुष्यभर चावण्याचे मुख्य काम करणारी दाढ असते आणि गेली की तिच्या जागी दुसरी येत नाही.

ओळखण्याची खूण सोपी आहे. समोरच्या दोन दातांच्या मधल्या रेषेपासून एका बाजूला मोजत जावे : दोन पुढचे दात, एक सुळा, दुधाच्या दोन दाढा आणि त्यामागचा सहावा. सहाव्या वर्षी येणारा सहावा दात, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे. वर-खाली, उजवीकडे-डावीकडे मिळून अशा चार दाढा असतात. दुसऱ्या कायमच्या दाढा बाराव्या वर्षाच्या सुमारास येतात.

या दाढांचा वरचा भाग सपाट नसतो. त्यावर डोंगरदऱ्यांप्रमाणे उंचवटे व अरुंद खाचा असतात. काही खाचा इतक्या निरुंद असतात की दात घासण्याच्या ब्रशचा एक केसही त्यांत शिरत नाही. जंतू व अन्नकण मात्र शिरतात. मूल नियमाने दात घासत असूनही दाढ किडते, त्याचे हे एक मोठे कारण होय.

खाचा बंद करण्याची रीत

पाऊस येण्यापूर्वी शहाणा घरमालक कौलांची फट बुजवितो. भिंतीत ओल मुरल्यावर गिलावा फोडण्यापेक्षा ते सोपे व स्वस्त असते. दाढेच्या खाचा बंद करण्यामागे हीच दृष्टी आहे. या उपचाराचा पाया १९५५ साली अमेरिकेतील मायकेल ब्यूनोकोर यांनी घातला. दंतवल्कावर सौम्य प्रमाणात आम्ल लावल्यास त्याचा पृष्ठभाग सूक्ष्म प्रमाणात खडबडीत होतो आणि त्यावर राळेसारखा कृत्रिम पदार्थ घट्ट धरून राहतो, हे त्यांनी दाखवून दिले. पुढे याच तत्त्वावर खाचा बंद करणारी द्रव्ये तयार झाली. त्यांना 'सीलंट' म्हणतात.

प्रत्यक्ष कृती अशी असते. दाढ प्रथम ब्रशने स्वच्छ केली जाते. भोवती कापसाच्या सुरळ्या ठेवून लाळ दूर ठेवतात. खाचांवर अर्धा मिनिटाच्या आत-बाहेर आम्लाचा लेप ठेवून तो धुऊन टाकतात आणि दाढ कोरडी करतात. तेव्हा ती खडूसारखी पांढुरकी दिसते. नंतर पातळ सीलंट खाचांत सोडून विशिष्ट निळ्या प्रकाशाने ते काही सेकंदांत कठीण केले जाते. एका दाढेला काही मिनिटे पुरतात. सुई नाही, यंत्राची घरघर नाही, रक्त नाही आणि वेदनाही नाही. एकच पथ्य काटेकोर पाळावे लागते, ते म्हणजे दाढ कोरडी राहिली पाहिजे. लाळेचा स्पर्श झाला तर सीलंट नीट धरत नाही.

परिणामाविषयी सांगावयाचे तर, मुलांच्या बहुतेक किडी दाढांतच होतात व सीलंटमुळे दाढांतील सुमारे ८० टक्के किडी पहिली दोन वर्षे आणि ५० टक्के किडी चार वर्षांपर्यंत टळतात, असे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात म्हटले आहे.

आत जंतू कोंडले तर?

येथे वाचकाच्या मनात एक रास्त शंका येईल. दाढ निरोगी असताना खाच बंद करणे समजते, परंतु कीड लागण्यास आरंभ झाला असेल आणि वरून झाकण घातले, तर आतल्या आत ती वाढणार नाही काय? किडा मानला तर ही भीती खरीच वाटते. कोंडलेला भुंगा लाकूड पोखरीत राहतो, तसा तो दात पोखरीत राहील, असे मनात येते. परंतु दातातील जंतू दात खाऊन जगत नाहीत. ते तोंडात येणाऱ्या साखरेवर जगतात. खाच पक्की बंद झाली की त्यांची रसद तुटते, आम्ल तयार होणे थांबते आणि त्यांची संख्या घटत जाते.

हा केवळ तर्क नव्हे. १९७६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या दोन वर्षांच्या अभ्यासात, सीलंटखाली बंद केलेल्या किडीतील जिवंत जंतूंची संख्या अतिशय घटल्याचे आढळले. ईव्हा मर्ट्झ-फेअरहर्स्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी तर मर्यादित खोलीचे खड्डे पडलेल्या दाढांतील कीड न काढताच वरून पक्के बंद केले आणि अशा दाढांवर दहा वर्षे लक्ष ठेवले. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, जेथे झाकण पक्के राहिले तेथे कीड पुढे सरकली नाही. 'किडलेले सारे कोरून काढा, शिवाय खबरदारी म्हणून भोवतालचा थोडा निरोगी दातही काढा', हा जुना नियम त्यामुळे मागे पडला. दाताचा जितका भाग वाचविता येईल तितका वाचवावा, हा आजचा नियम आहे. कारण एकदा कोरलेला दात पूर्ववत होत नाही. भरलेले सिमेंट वा चांदी कालांतराने निघते, प्रत्येक वेळी खड्डा थोडा मोठा होतो आणि अखेर दात काढण्याची पाळी येते.

जेथे वीज नाही, तेथेही

सीलंटसाठी कोरडी दाढ, प्रकाशयंत्र व दवाखान्याची खुर्ची लागते. ती खेड्यात कोठून आणावयाची, हा प्रश्न जगातील अनेक देशांपुढे होता. १९८० नंतरच्या दशकात आफ्रिकेतील टांझानियामध्ये यावर एक मार्ग शोधण्यात आला. मऊ झालेला किडका भाग केवळ हातातील लहान हत्यारांनी खरवडून काढावयाचा आणि तो खड्डा व शेजारच्या खाचा ग्लास आयोनोमर नावाच्या सिमेंटने भरावयाच्या, अशी ही रीत आहे. हे सिमेंट दाताला आपण होऊन चिकटते, थोड्या ओलाव्यातही टिकाव धरते, त्यातून फ्लोराईड हळूहळू बाहेर पडते आणि ते भरण्यास विजेची गरज नसते. हातमोजा घातलेल्या बोटाने ते खाचांत दाबून बसविता येते. शाळेच्या वर्गात टेबलावर मुलाला निजवूनही हे काम होऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेने ७ एप्रिल १९९४ रोजी, जागतिक आरोग्य दिनी, या पद्धतीचा पुरस्कार केला.

याच जातीचे आणखी दोन उपचार आहेत. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराईड हे औषध किडलेल्या भागावर थेंबभर लावले असता कीड थांबविते. जपानमध्ये ते १९७० पासून वापरात आहे. त्याने किडका भाग कायमचा काळा पडतो, ही गोष्ट पालकांना आधीच सांगावयास हवी. म्हणून ते मुख्यतः दुधाच्या दातांना व मागील दाढांना उपयोगी. दुसरा उपचार दुधाच्या किडलेल्या दाढेसाठी आहे. स्कॉटलंडमधील नॉर्ना हॉल या दंतवैद्य बाईंच्या नावाने तो ओळखला जातो. यात दाढ न कोरता तिच्यावर पोलादी टोपी सिमेंटने बसवितात आणि कीड आत बंद होते. ग्लास आयोनोमर सिमेंट व सिल्व्हर डायअमाइन फ्लोराईड या दोहोंचा समावेश जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला आहे.

मर्यादा ओळखाव्यात

कोणताही उपचार सर्व रोगांवर चालत नाही आणि तसे सांगून लोकांची दिशाभूल करणेही योग्य नव्हे. रात्री झोप मोडणारी कळ, गालावर सूज, हिरडीवर पुवाची पुटकुळी किंवा गरम पदार्थाने उठून बराच वेळ राहणारी वेदना असेल, तर रोग दाताच्या नसेपर्यंत पोहोचला असे समजावे. अशा दाढेवर झाकण घालून भागत नाही. तेथे नसेवरील उपचार किंवा दाढ काढणे, यांपैकी काय करावयाचे ते दंतवैद्यच ठरवील. तसेच दोन दातांच्या मधल्या फटीतील किडीपर्यंत सीलंट पोहोचत नाही. तेथे स्वच्छता व फ्लोराईड यांवरच भिस्त ठेवावी लागते. सीलंट वा सिमेंट बसविल्यावरही ते टिकले आहे की नाही, हे दर सहा महिन्यांनी वा निदान वर्षातून एकदा पाहून घ्यावे. एखादा तुकडा निघाला तर तेवढाच पुन्हा भरता येतो.

खाचेतील प्रत्येक काळी रेघ म्हणजे कीड नव्हे. ती पाहण्यासाठी घरी टाचणी, सुई वा काडी खुपसू नये. टोकदार वस्तूने दंतवल्काचा मऊ झालेला थर मोडतो आणि जो दात सावरला असता त्याला आपणच भोक पाडतो.

तंबाखूचा उल्लेखही येथे केला पाहिजे. निपाणी ही तंबाखूची मोठी पेठ आणि विडी वळणे हा तेथील असंख्य स्त्रियांचा व्यवसाय. मिश्रीने दाढेची कळ थांबते, असे अनेकांना वाटते. कळ काही वेळ बोथट झाली तरी कीड थांबत नाही. दवाखान्यात जाणे मात्र लांबते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका पदरी पडतो. दंतमंजन व टूथपेस्ट यांत तंबाखू घालण्यास केंद्र सरकारने १९९२ मध्येच बंदी केली आहे. आई मिश्री लावते म्हणून मूलही लावू लागते, हे विसरता कामा नये.

आपल्या भागातील सोय

दंतवैद्य फार दूर आहेत, अशी तक्रार सीमाभागात पूर्वी रास्त होती. बेळगावात १९८५ मध्ये के. एल. ई. संस्थेचे आणि १९९२ मध्ये मराठा मंडळाचे दंत महाविद्यालय स्थापन झाले. शहापूर, वडगाव येथील विणकर कुटुंबांना व आसपासच्या गावांना ही दोन्ही ठिकाणे जवळची. निपाणीकडील लोकांना कोल्हापूर जिल्ह्यातील नवे पारगाव येथील दंत महाविद्यालयाचाही पर्याय आहे. दंत महाविद्यालयांत बालदंतचिकित्सेचा स्वतंत्र विभाग असतो.

याखेरीज केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला. त्यानुसार आरोग्य पथकाने अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांतील मुलांची वर्षातून एकदा तपासणी करावयाची असते. तपासणीच्या आजारांत दंतक्षयाचा समावेश आहे. मात्र पथकाने चिठ्ठी दिली आणि पालक दवाखान्यात गेलेच नाहीत, तर तपासणी निष्फळ ठरते. दुखत नसलेल्या दातासाठी एक दिवसाचा रोज बुडविणे हातमागावरच्या वा विडी वळणाऱ्या कुटुंबाला जड जाते, हे खरे. परंतु पुढे दाढ ठणकू लागल्यावर एकाच्या जागी तीन-चार फेऱ्या होतात, रोज तितक्या वेळा बुडतो आणि शेवटी दाढही जाते. म्हणून जी गावे शाळेतच उपचाराचे शिबिर घडवून आणतील, ती पालकांचे फार मोठे ओझे हलके करतील.

प्रत्येकाने काय करावे

शिक्षकांनी पहिली-दुसरीच्या मुलांचे तोंड उजेडात उघडावयास सांगून सहावा दात आला आहे काय, एवढेच पाहावे व ज्यांचा आला आहे त्यांची यादी करावी. निदान करणे हे दंतवैद्याचे काम. परंतु दाढ आल्याची वार्ता देणे शिक्षकांना सहज शक्य आहे. हीच यादी सहावी-सातवीत दुसऱ्या दाढांसाठी करावी.

पालकांनी मुलांचे दात दिवसातून दोनदा, विशेषतः रात्री झोपण्यापूर्वी, फ्लोराईडयुक्त पेस्टने घासून घ्यावेत. तीन वर्षांखालील मुलास तांदळाच्या दाण्याएवढी व त्यापुढील लहान मुलास वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. ती गिळू देऊ नये. सहा-सात वर्षांपर्यंत मुलाच्या हाती ब्रश देऊन मोकळे होऊ नये, शेवटचा हात मोठ्यांनी फिरवावा. गोड द्यावयाचे ते जेवणाबरोबर द्यावे. आणि मुलाची दाढ आली की ती दुखण्याची वाट न पाहता दंतवैद्याकडे जाऊन 'खाचा बंद करावयाच्या का?' असे विचारावे.

ग्रामपंचायत, शाळा सुधारणा समिती व तरुण मंडळे यांनी जवळच्या दंत महाविद्यालयाला वा आरोग्य केंद्राला लेखी विनंती करावी. केवळ तपासणीचे शिबिर न मागता खाचा बंद करण्याचे व सिमेंट भरण्याचे शिबिर मागावे, आणि सहा महिन्यांनी पुन्हा पाहणी व्हावी, असाही आग्रह धरावा. सूचनांची पत्रके मराठी व कानडी अशा दोन्ही भाषांत काढावीत. एकाच आळीत दोन्ही भाषा नांदतात आणि दाढा दोन्हीकडच्या मुलांना सारख्याच येतात.

दात काढून देणारा मिळणे पूर्वीही अवघड नव्हते. दात राखून देणारी विद्या आज हाताशी आली आहे. तिचा लाभ घेण्याची वेळ मुलाच्या सहाव्या वर्षी येते आणि दाढ किडली की ती निघून जाते. यंदा पहिलीत बसलेल्या मुलांच्या चार दाढा या वर्षीच पाहून घेतल्या, तर त्यांपैकी कित्येक मुले म्हातारपणीही त्याच दाढांनी भाकरी चावतील.